शेंडेफळाचा धूर

इंजिन जितकं लहान तितका त्याचा आवाज मोठा, हे कुणीही कान उघडे ठेवून तपासून पाहावं. सोळा चाकांचा ट्रेलर आंबा घाट चढताना कण्हतो, पण त्या कण्हण्यात एक संयम असतो. आमच्या कोकणातल्या ग्रास कटरला तो ठाऊक नाही. त्याचं इंजिन दोन मुठींत मावेल एवढं. पण सकाळी सातला तो एका कलमांच्या बागेत सुरू झाला की शेजारच्या तीन वाड्यांना कळतं, आज अमक्याच्या बागेची सफाई आहे. मग मजुरी किती ठरली असेल यावर तिथे चहाही होतो. धुराचंही तेच. ट्रेलरचा धूर वर जाऊन वाऱ्यावर विरतो. ग्रास कटरचा धूर चालवणाऱ्याच्या पाठीवरून कानामागे येतो, डोक्याला एक फेरी मारतो आणि नाकाशी मुक्काम करतो.

याचं कारण मला तरी घरगुती वाटतं. चार मुलांच्या घरात सगळी शिस्त थोरल्याच्या वाट्याला येते आणि शेंडेफळाला सगळं माफ असतं. इंजिनांच्या घराण्यात मोटार ही थोरली. कॅलिफोर्नियाने 1966 सालीच तिच्या धुरावर मर्यादा घातली. 1975 पासून अमेरिकी गाड्यांच्या पोटाखाली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. आपल्याकडे तो 1995 मध्ये चार महानगरांतल्या नव्या गाड्यांना लागला, मग भारत स्टेजच्या इयत्ता सुरू झाल्या, आणि चौथी पास झालेल्या गाडीला पाचवीत न बसवता 2020 च्या एप्रिलमध्ये थेट सहावीत ढकललं. वर पीयूसी आहेच. पंपाच्या कोपऱ्यातली ती व्हॅन, त्यातला तो पोऱ्या, आणि नळी सायलेन्सरच्या साधारण दिशेने धरल्यावर निघणारा तो कागद. चाचणी कशी होते हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण होते.

आणि शेंडेफळं? गवत कापायचं मोवर, पानं उडवायचा ब्लोअर, झाडं कापायची साखळी करवत, लग्नाच्या मांडवामागे थरथरणारा जनरेटर, होडीच्या पाठीला लटकवलेलं आउटबोर्ड. यांच्याकडे कुणी बघेचना. लहान आहे, करील चार दिवस दंगा! मोटारीला ज्या कॅलिफोर्नियाने इतक्या लवकर वेसण घातली, त्यालासुद्धा या धाकट्यांसाठी नियम करायला 1990 उजाडलं आणि ते लागू व्हायला 1995. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे नियम 1997 पासून आले. तीसेक वर्षं थोरली छड्या खात होती आणि धाकटा अंगणात धूर सोडत होता.

सहा महिने मुलाकडे राहायला म्हणून आम्ही उभयता फॉल्समला गेलो, तेव्हा मला या विषयाची गोडी लागली. कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो तिथून हाकेच्या अंतरावर, आणि धुराचे सगळे कायदे जिथे शिजतात ते एअर रिसोर्सेस बोर्ड त्याच सॅक्रामेंटोत. परदेशात मुलांकडे गेलेल्या आईबापांना दुपारी उद्योग नसतो. बायकोने भाजीवाला नसलेल्या गावात कोथिंबीर उगवायचा पण केला आणि मी सरकारी संकेतस्थळावरचे तक्ते वाचू लागलो.

त्यातला एक हिशेब वाचून मी चष्मा पुसला. धंदेवाईक माळी वापरतात तो पेट्रोलवरचा ब्लोअर एक तास चालवला, तर धुरकं तयार करणारी जेवढी घाण हवेत जाते, तेवढी घाण करायला 2017 ची टोयोटा कॅम्री सुमारे 1,100 मैल चालवावी लागते. बोर्डाने उदाहरण दिलंय लॉस एंजेलिस ते डेन्व्हर. आपल्याला डेन्व्हरचं काय? मी नकाशावर मोजलं: ते साधारण मुंबई ते सिमला पडतं. म्हणजे शेजारच्या अंगणातली वाळकी पानं आमच्या अंगणात लोटायला तो माळी तासभर जे करत होता, त्यात एखादं कुटुंब सामानसुमानासकट सिमल्याला पोचलं असतं. मोवरचा हिशेब त्यामानाने सोज्वळ आहे. एक तास म्हणजे 300 मैल, म्हणजे जवळजवळ मुंबई ते मालवण. हे वाचून ऊर भरून आला. सरकारी तक्त्यात आपलं गाव सापडायला काहीतरी निमित्त लागतं.

आणि ही यंत्रं किती? त्याच बोर्डाच्या अंदाजाने कॅलिफोर्नियात अशी लहान इंजिनं 1 कोटी 67 लाख. तिथल्या मोटारींपेक्षा सुमारे तीस लाखांनी जास्त. शेंडेफळ एकटं नव्हतं, अख्खी वाडी होती.

या दंग्याचं मूळ टू-स्ट्रोकमध्ये. चेतक वाकडी करून किक मारलेल्या पिढीला हे समजावून सांगायची गरज नाही, पण नातवंडांसाठी सांगतो. फोर-स्ट्रोक इंजिन सभ्य असतं. हवा-इंधन आत घेणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं ही चार कामं ते एकेक करून चार टप्प्यांत करतं. टू-स्ट्रोक हीच कामं दोन टप्प्यांत उरकतं. त्यासाठी ते आतलं आणि बाहेरचं दार एकाच वेळी उघडं ठेवतं. ताजं मिश्रण आत शिरतं, जुन्या धुराला ढकलत बाहेर काढतं आणि त्या भरात स्वतःही थोडं बाहेर पडतं. थोडं म्हणजे इंधनाचा पाव ते जवळजवळ तिसरा हिस्सा. शंभर रुपयांचं पेट्रोल घाला, पंचवीस-तीस रुपयांचं न जळताच फिरायला जातं. शिवाय या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. जिथे ती असायची त्याच पोकळीचा ते पंप म्हणून वापर करतं. मग वंगण कुठून द्यायचं? पेट्रोलातच मिसळा. पंपावर ‘टूटी टाका’ म्हणायचो ते हेच. तेही पुढे जळतं आणि निळा धूर होऊन निघतं.

जमिनीवर हा धूर निदान दिसतो. होडीच्या आउटबोर्डची नळी पाण्याखाली उघडते, म्हणजे आवाज दबतो आणि पापही. न जळलेलं पेट्रोल आणि तेल पाण्यात, वर इंद्रधनुष्याचा तवंग. आमच्या लहानपणी बंदरावर तो तवंग बघायला आम्ही पोरं वाकायचो आणि त्यात कुठला रंग आधी दिसतो यावर पैजा लावायचो. मासे त्या पैजेत नव्हते.

आता या आउटबोर्डचा जन्मच मुळी लाडातून झालेला. ओल एव्हिनरूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला कारागीर अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहत होता. गोष्ट अशी सांगतात की, एका उन्हाळ्यात तळ्यावर सहलीला गेले असताना त्याच्या मैत्रिणीला, बेसला, आइस्क्रीम खावंसं वाटलं. दुकान पार पलीकडच्या काठाला. हा गडी वल्हवत गेला, आइस्क्रीम घेतलं, वल्हवत परत आला. तोवर आइस्क्रीमचं व्हायचं ते झालं होतं. दुसऱ्या कुणी लिंबू सरबतावर भागवलं असतं. याने होडीला लावायचं इंजिन बनवलं, बेसशी लग्न केलं आणि 1909 पासून ते इंजिन विकायलाही काढलं. दीड हॉर्सपॉवर, वजन 62 पौंड, म्हणजे 28 किलो, आणि किंमत 62 डॉलर. पौंडाला डॉलर हा भाव लावताना त्याच्या डोक्यात काय होतं कोण जाणे, पण बाजारात मासळी घेतलेल्या माणसाला तो लगेच पटतो. धंदा बेस सांभाळायची. वल्ही फेकून द्या, अशी जाहिरात तिने केली आणि लोकांनी खरोखर फेकली.

पुढची ऐंशी-नव्वद वर्षं आउटबोर्ड म्हणजे टू-स्ट्रोक हे समीकरण जवळपास पक्कं होतं. हलकं, स्वस्त, सुटे भाग कमी. होंडासारखा एखादा 1964 पासून फोर-स्ट्रोक आउटबोर्ड विकत होता, पण लोक त्याच्याकडे सोवळ्यातल्या पाहुण्याकडे बघावं तसे बघत. मग 1996 साली ईपीएने नियम काढला: 1998 पासून सुरुवात करून 2006 पर्यंत नव्या आउटबोर्डांचा हायड्रोकार्बनचा धूर तीन-चतुर्थांशाने कमी करा. कॅलिफोर्नियाला एवढा धीर कुठला? त्यांनी 2006 ची पातळी 2001 लाच मागितली.

कारखानदारांपुढे दोन रस्ते होते. एक, सोवळ्यातल्या पाहुण्याला घरात घ्या, म्हणजे फोर-स्ट्रोक बनवा. दोन, टू-स्ट्रोकलाच सुधारा: बाहेरचं दार बंद झाल्यावर मगच इंधनाची फवारणी करायची, म्हणजे पळून जायला पेट्रोलला वावच नाही. कागदावर दुसरा रस्ता सुरेख. एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावं बाळगणाऱ्या आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनने तो धरला. पण घाईत बाजारात आलेली ही नवी इंजिनं भर पाण्यात रुसू लागली. गिऱ्हाइकांचा विश्वास उडाला, वॉरंटीची बिलं वाढली, इतरही दुखणी होती, आणि 2000 च्या डिसेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे बॉम्बार्डियरने ते नाव विकत घेतलं, 2003 मध्ये खरोखर चांगलं, स्वच्छ टू-स्ट्रोक काढून दाखवलं. शेंडेफळ सुधारलं की हो! पण तोवर लोक फोर-स्ट्रोकला रुळले होते. 2020 च्या मे महिन्यात एव्हिनरूडचं उत्पादन थांबलं. बेसचं आइस्क्रीम वितळलं तेव्हा सुरू झालेली ही गोष्ट शंभराहून थोडी जास्त वर्षं टिकली, हेही काही कमी नाही.

चिरंजीव आम्हाला लेक टाहोला घेऊन गेले. पाचशे मीटर खोल, निळंशार सरोवर. कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक बोटींना तिथे 1999 च्या जूनपासूनच बंदी आहे, कारण पेट्रोलातली द्रव्यं पाण्यात सापडू लागली होती. धक्क्यावर उभं राहून मी बोटी बघत होतो आणि काहीतरी चुकतंय असं सारखं वाटत होतं. मग लक्षात आलं: वास नाही. बोटी आहेत, दोरखंड आहेत, उन्हाने लाल झालेली माणसं आहेत, आणि बंदराचा वासच नाही! मालवणच्या जेटीवर डोळे मिटून सोडलंत तरी सुकी मासळी, ओलं जाळं आणि टूटी या तिन्हींच्या मिश्रणाने आपण कुठे आहोत हे कळतं. टाहोला डोळे मिटले तर आपण एखाद्या बँकेत उभे आहोत असं वाटतं.

प्रत्येक इंजिनावर चांदण्यांचा स्टिकर. कॅलिफोर्नियाने आउटबोर्डांना धुराप्रमाणे तारे वाटलेत. एक तारा म्हणजे स्वच्छ, आणि तिथून चढत चढत चार. मी तिथूनच आमच्या अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. अण्णा म्हणजे माझे मामेभाऊ. मालवणात बंदरालगत त्यांचं आउटबोर्ड दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक पत्रा, एक पिंप आणि त्या पिंपात उभं करून चालवून बघायचं मशीन. मी त्यांना स्टिकर दाखवला.

“फोर स्टार?” अण्णा म्हणाले. “मगे जेवाण बरा गावता काय थंयसर?”

मी त्यांना सगळा कायदा समजावला. तारे, धूर, तीन-चतुर्थांश. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “धूर नाय, तर मशीन चालू आसा ह्या कळतला कसा?”

हा प्रश्न विनोदाचा नव्हता. अण्णांचं सगळं वैद्यक धुरावर उभं आहे. धूर निळा, तर तेल जास्त. काळा, तर पेट्रोल जास्त. पांढरा ढग, तर आत कुठून तरी पाणी शिरलंय. स्पार्क प्लग काढून ते आधी त्याचा वास घेतात, मग अंगठ्याने काजळी चोळून तिचा पोत बघतात, आणि पेट्रोलात रॉकेल आहे का हे त्यांना बोट चाटून कळतं. आता त्यांच्याकडे पर्यटकांच्या बोटींची नवी फोर-स्ट्रोक मशीनं येतात. ती धूर सोडत नाहीत, वास देत नाहीत. बिघडली तर तक्रार करत नाहीत, नुसती गप्प बसतात. मग भाच्याचा लॅपटॉप आणायचा, वायर जोडायची आणि पडद्यावर उमटलेला आकडा कुठल्या दुखण्याचा ते पुस्तकात शोधायचं. “पेशंट मुको आणि मशीन बोलता,” हे अण्णांचं त्यावरचं मत. मात्र हीच मशीनं तेवढ्याच फेरीला पेट्रोल कितीतरी कमी पितात, हेही तेच सांगतात, आणि आवाज खाली आणून सांगतात, कारण समोर टू-स्ट्रोकवाला गिऱ्हाईक बसलेला असतो. त्या गिऱ्हाइकाचीही बाजू आहे. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक वजनाला जड. जुन्या हलक्या होडीला लावलं की होडी मागे बसते आणि पुढचं टोक आभाळाकडे बघू लागतं. किमतीबद्दल तर बोलायलाच नको. स्वच्छ पाण्याचं बिल आधी त्याच्या हातात पडतं, ज्याची होडी सगळ्यांत छोटी.

आता स्क्रूंकडे या. जुन्या कार्ब्युरेटरला दोन स्क्रू असायचे: एक धिम्या गतीचा, एक जोराचा. कानाने ऐकत, अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे करत मेकॅनिक इंजिनाला सुरात आणायचा. हे सुरात आणणं म्हणजे बहुतेक वेळा थोडं पेट्रोल वाढवून देणं, कारण भरल्या पोटाचं इंजिन कुरकुर करत नाही. कायदा म्हणाला, इथेच तर घोळ आहे. म्हणून इंजिनं कारखान्यातूनच उपाशी पोटी, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त अशी जुळवून येऊ लागली; स्क्रूंवर फार फिरू नयेत म्हणून टोप्या आल्या. काहींची डोकी तर अशा विचित्र आकाराची केली की कुठलाच साधा पेचकस त्यात बसू नये. एखाद्याचं डोकं इंग्रजी डी अक्षरासारखं, एखाद्याला बारीक दाते. कायद्याचं कुलूप! त्या कुलपाच्या झाडून सगळ्या किल्ल्यांचा संच, डी-आकाराच्या पेचकसासकट, ऑनलाइन बाजारात वडापावच्या दोन-चार गाड्यांच्या उधारीइतक्या पैशांत घरपोच मिळतो. चिरंजीवांच्या शेजाऱ्याकडे, सत्तरी ओलांडलेल्या एका गोऱ्या आजोबांकडे, तो मी पाहिला. त्यांनी तो मला ज्या अदबीने उघडून दाखवला, त्या अदबीने आमच्याकडे लोक सोन्याची डबी उघडतात. कायदा पाळणारा देश असला तरी माणसाचा हात पेचकसाकडे जायचा तो जातोच, हे बघून मला परक्या मुलखात एकदम घरच्यासारखं वाटलं.

पण कायद्याचा खरा विनोद इंजिनात नाही, पेट्रोलच्या कॅनमध्ये आहे. धूर नळीतूनच निघतो असं नाही. पेट्रोल नुसतं ठेवलं तरी त्याची वाफ उडते आणि तीही हवा बिघडवते. हे खरं आहे, आणि म्हणूनच 2009 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या कॅनवरही नियम आले. जुन्या कॅनला पुढे तोटी आणि मागे हवेसाठी छोटं झाकण असायचं. मागचं उघडलं की हवा आत, पेट्रोल सरळ धारेने बाहेर. ते मागचं झाकण म्हणजे वाफेची पळवाट. ते नव्या कॅनवरून गेलं. तोटी अशी आली की सोडल्यावर आपोआप मिटली पाहिजे.

चिरंजीवांच्या गॅरेजात असा एक लाल कॅन आहे. त्यातून मोवरच्या टाकीत पेट्रोल ओतायचा विधी असा: आधी तोटीवरचं हिरवं बटण अंगठ्याने आत दाबायचं. ते दाबून धरून कडं पाव फेरी फिरवायचं. मग तोटीच्या टोकाला असलेला खाचेचा दात टाकीच्या कडेला अडकवून, अख्खा कॅन उलटा धरून, स्प्रिंगच्या विरुद्ध खाली रेटायचा. पाच-सहा किलोंचा कॅन अधांतरी, अंगठा बटणावर, दुसरा हात कड्यावर, आणि टाकी किती भरली ते बघायला तिसरा हात व एक सुटं डोकं लागतं. हवा आत जायला वेगळी वाट नसल्याने कॅन आधी काहीच सोडत नाही. मग एक ढेकर देतो. मग पुन्हा काही नाही. मग एकदम दोन ढेकर, आणि पेट्रोल टाकीत, मोवरवर, गवतावर आणि चिरंजीवांच्या नव्या पांढऱ्या बुटांवर. एरवी मृदुभाषी असलेला आमचा मुलगा त्या दिवशी अस्खलित मालवणीत बोलला. परदेशात मुलं मातृभाषा विसरतात म्हणून चिंता करणाऱ्या पालकांनी असा एक कॅन घरात ठेवून पाहावा.

चमचाभर वाफ वाचवण्यासाठी वाटीभर पेट्रोल मातीत घालणारं हे यंत्र ज्या सरकारी साहेबांनी मंजूर केलं, त्यांच्या घरचं गवत कोण कापतं याची मला खात्री आहे: दुसरा कोणीतरी. शेजारच्या आजोबांनी तर यावरही तोड काढली होती. दुकानात ‘इंधनासाठी नाही’ असं लिहिलेले सरळ तोटीचे आणि मागे हवेची बूच असलेले भक्कम डबे मिळतात. कशासाठी मिळतात हे दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाईक सांगत नाही. आजोबांच्या गॅरेजात ते चार होते. त्यांच्याकडे पाण्याचा नळही होता, त्यामुळे चार डबे पाण्यासाठी असतील असं मला वाटलं नाही.

ब्लोअरची लढाई मात्र याहून जुनी आणि गंभीर. कार्मेल या समुद्रकाठच्या टुमदार गावाने ब्लोअरला 1975 मध्ये बंदी केली, बेव्हर्ली हिल्सने पुढच्याच वर्षी. तेव्हा मुद्दा धुराचा कमी आणि दुपारच्या झोपेचा जास्त होता. लॉस एंजेलिसने घरांपासून 500 फुटांच्या आत पेट्रोलचा ब्लोअर वापरायचा नाही असं ठरवलं, तेव्हा 1998 च्या जानेवारीत तिथले माळी सिटी हॉलबाहेर उपोषणाला बसले. बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले. उपोषणाच्या देशातून आलेल्या मला हे वाचून थोडा मालकी हक्काचा अभिमान वाटला. त्यांचं म्हणणं साधं होतं: झाडूने दुप्पट वेळ लागतो, आणि घरमालक दुप्पट पैसे देत नाही.

शेवटी 2021 मध्ये राज्याने कायदाच केला. 1 जानेवारी 2024 पासून कॅलिफोर्नियात अशी बहुतेक नवी लहान यंत्रं विकायची तर ती धूर न सोडणारी, म्हणजे बॅटरीची. जनरेटरना 2028 पर्यंत सवलत. जुनं यंत्र मात्र मरेपर्यंत खुशाल वापरा. माळ्यांना मदत म्हणून राज्याने 3 कोटी डॉलर बाजूला काढले. आणि साखळी करवतींचं काय? इथे अमेरिकी कायद्याची खास गंमत आहे. शेती आणि बांधकामाच्या लहान नव्या इंजिनांवर राज्याने हात टाकायचा नाही असं केंद्राने आधीच बजावलंय, आणि 45 सीसी किंवा त्याहून मोठी करवत शेतीची धरतात. म्हणजे करवत जरा वाढली की ती शेतकरी होते. सातबाऱ्यावर नाव लावायला आमच्याकडे याहून जास्त खटपट पडते.

चिरंजीवांच्या सोसायटीतल्या माळ्यांकडे आता बॅटरीचे ब्लोअर आलेत. आवाज आहेच, पण घों करणाऱ्या भुंग्याऐवजी शीळ घातल्यासारखा. मात्र बॅटरी लवकर दम टाकते, म्हणून त्यांच्या ट्रकमध्ये बॅटऱ्यांची रांग, आणि त्या भरायला ट्रकमध्येच मागे एक जनरेटर. पेट्रोलवरचा. सवलतीतला.

इकडे आपल्याकडे धाकट्यांच्या पाठीवर वेगळ्याच दिशेने छडी आलीय, आणि ती उसाची आहे. पेट्रोलातलं इथेनॉल 2025 मध्ये वीस टक्क्यांपर्यंत पोचलं. गाडी रोज चालते, टाकी रोज रिकामी होते, तिचं निभावतं. पण ग्रास कटर पावसाळा संपला की खोपीत जातो तो पुढच्या पावसापर्यंत. इथेनॉलला पाण्याचं भारी प्रेम; कोकणातल्या हवेतून ते ओलावा ओढून घेतं आणि पुरेसा साठला की पाण्याला घेऊन टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. इंजिन नेमकं तळातूनच पितं. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि पडदे फुगतात. अमेरिकेत पंधरा टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलच्या पंपावर सरळ लेबल चिकटवलेलं असतं की, बोटींत आणि पेट्रोलवरच्या यंत्रांत हे घालू नका. आपल्याकडे ते काम अण्णा करतात. “साखरेचो कारखानो कोल्हापुरात आणि चिकटो कार्ब्युरेटर मालवणात,” असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. तो चिकटा साखरेचा नसतो, शिळ्या पेट्रोलाचा असतो, पण हातात पाना घेतलेल्या माणसाला रसायनशास्त्र कोण शिकवणार? शिवाय त्यांचा उपाय बरोबर आहे: मशीन ठेवताना टाकी कोरडी करून ठेवा.

आमची परतायची तारीख जवळ आली तसा अण्णांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, “तुमच्या थंय ती टू-स्ट्रोक मशीना लोक काढून टाकतत म्हणतंस. फुकट गावतीत?”

“अण्णा, विमानात बॅगेला तेवीस किलोचीच मर्यादा आहे,” मी म्हणालो. “आणि पेट्रोलचा वास आला तर मलाच उतरवतील.”

“बॅगा दोन आसत ना माणशी?” अण्णा म्हणाले. “वयनीच्या धरून चार. मशीन खोलून कशा भरूचा ता मी व्हिडिओवर सांगतंय. वास कपड्यांका येतलो, पण कपडे तुझे आसत.”

बायको शेजारी बसून कोथिंबिरीच्या बिया पुडीत बांधत होती. फोन स्पीकरवर होता. तिने आपल्या दोन बॅगा उचलल्या आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या.